जनगणनेच्या आकड्यांवरून कंपनीची भरती कशी तपासावी: अमेरिकेतील समान संधीचा हिशेब

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या, तिथे छोटी कंपनी चालवणाऱ्या किंवा पुण्यात बसून तिकडच्या कंपनीचे एचआरचे काम सांभाळणाऱ्या मराठी माणसापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो: आपल्याकडे महिला, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक कर्मचारी पुरेसे आहेत का? पण पुरेसे म्हणजे कशाच्या मानाने? शहराच्या लोकसंख्येशी तुलना केली तर उत्तर चुकणार, कारण शहरातला प्रत्येक माणूस लेखापाल किंवा वेल्डर नसतो. तुलना करायची ती ते काम येणाऱ्या आणि आपल्याकडे कामाला येऊ शकणाऱ्या लोकांशी. अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोने नेमके याच कामासाठी एक तक्ता तयार केला आहे.

आधी कायदा कुठे उभा आहे ते पाहा

१९६४च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू आहे. वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे. सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर राष्ट्राध्यक्षांच्या १९६५च्या ११२४६ क्रमांकाच्या आदेशाने आणखी एक जबाबदारी होती. प्रत्येक कामासाठी महिला आणि अल्पसंख्याक किती उपलब्ध आहेत ते काढून आपल्या आकड्यांशी ताडून पाहावे लागे. जानेवारी २०२५मध्ये हा आदेश रद्द झाला, त्यामुळे जुनी मार्गदर्शिका समोर ठेवून काम करत असाल तर ती बाजूला ठेवा. अपंग आणि माजी सैनिकांविषयीची कंत्राटदारांची बंधने वेगळ्या कायद्यांतून आली आहेत, ती कायम आहेत.

मग हा हिशेब कशासाठी करायचा? सातवे प्रकरण जागेवर आहे आणि त्याखालच्या खटल्यांत हे आकडे पुरावा म्हणून येतात. शिवाय भरतीत कुठे तरी दार बंद आहे का, हे कंपनीला स्वतःलाही कळायला हवे. एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा: आकडा कमी दिसला म्हणून एखाद्याला त्याच्या वंशावरून किंवा लिंगावरून नोकरी देणे हाही भेदभावच आहे. तक्ता फक्त कुठे पाहायचे ते दाखवतो.

योग्य तक्ता उघडा

सेन्सस ब्युरोच्या या तक्त्याला ईईओ टॅब्युलेशन म्हणतात. ईईओ म्हणजे इक्वल एम्प्लॉयमेंट ऑपॉर्च्युनिटी, नोकरीतली समान संधी. पूर्वी ते दर दहा वर्षांच्या जनगणनेतून निघे. २०००नंतर जनगणनेतला लांबलचक प्रश्नसंच बंद झाला आणि आता ही माहिती अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या सतत चालणाऱ्या पाहणीतून येते. २०१४ ते २०१८ या पाच वर्षांचा संच २०२१मध्ये प्रसिद्ध झाला आणि सेन्सस ब्युरोच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. व्यवसाय, लिंग, वंश आणि ठिकाण यांनुसार मनुष्यबळाची विभागणी त्यात आहे.

भारतीयांनी इथे एक लक्षात घ्यावे. आपण या तक्त्यात ‘एशियन’ या एकाच रकान्यात चिनी, फिलिपिनो आणि इतरांबरोबर मोजले जातो. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत एशियन भरपूर दिसले, तरी मूळ देशावरून कोणावर अन्याय होतो आहे का, ते या रकान्यातून कळणार नाही.

पदाला व्यवसायाचा कोड लावा

तक्त्यात प्रत्येक व्यवसायाला एक क्रमांक, म्हणजे कोड असतो. आपल्या पदाला तो लावताना व्हिजिटिंग कार्डावरचे नाव पाहू नका, माणूस दिवसभर काय करतो ते पाहा. ‘ॲनालिस्ट’ कुणी लेखापाल असतो, कुणी प्रोग्रामर. दरवर्षी सरकारला जाणाऱ्या ईईओ-१ अहवालातले ढोबळ गट इथे पुरत नाहीत. ‘प्रोफेशनल’ या एका गटात परिचारिकाही येतात आणि इंजिनिअरही, आणि या दोन कामांतले स्त्री-पुरुष प्रमाण अगदी उलटे आहे.

भरतीचे क्षेत्र ठरवा

भरतीचे क्षेत्र म्हणजे जिथून लोक आपल्याकडे कामाला येऊ शकतात तो भाग. सगळा निकाल या पायरीवर फिरतो, म्हणून इथे घाई करू नका.

१९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हेझलवूडचा खटला आला. मिझुरी राज्यात सेंट लुइस शहराला लागून असलेल्या काउंटीतला (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) हा शाळा-जिल्हा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था. त्याने १९७२-७३ आणि १९७३-७४ या दोन वर्षांत ४०५ शिक्षक घेतले, त्यांत कृष्णवर्णीय १५, म्हणजे ३.७ टक्के. १९७०च्या जनगणनेनुसार शहर आणि काउंटी मिळून १५.४ टक्के शिक्षक कृष्णवर्णीय होते. शहर वगळले तर ५.७ टक्के. पहिला आकडा धरला तर सुमारे ६२ जण अपेक्षित होते आणि तफावत सहा प्रमाण विचलनांहून (निव्वळ योगायोगाने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचे माप) जास्त निघते. दुसरा धरला तर अपेक्षा २३ची आणि तफावत दोनाच्या आत. शाळा तीच, शिक्षक तेच, फक्त नकाशावरची रेघ हलली! शहराचा शाळा-जिल्हा स्वतःच निम्मे शिक्षक कृष्णवर्णीय ठेवण्याचा प्रयत्न करत होता, त्यामुळे शहर मोजणे रास्त आहे का, हा वाद खरा होता. न्यायालयाने तो ठरवण्यासाठी प्रकरण खाली परत पाठवले.

म्हणून क्षेत्राची रेघ आकडे उघडण्याआधी आखा आणि तिचे कारण त्याच दिवशी लिहून ठेवा. उत्तर पाहून रेघ सरकवणारा स्वतःचीच फसवणूक करतो. रेघ आखताना आधार घ्यायचा तो गेल्या काही वर्षांत अर्ज कुठून आले याचा. पण कंपनीने एखाद्या वस्तीत कधी जाहिरातच दिली नसेल, तर तिथून अर्ज आले नाहीत हे ती वस्ती वगळण्याचे कारण होऊ शकत नाही.

टॅब्युलेशनमध्ये राहण्याच्या ठिकाणाचे आणि कामाच्या ठिकाणाचे तक्ते वेगळे आहेत, शिवाय कुठून कुठे ये-जा होते त्याचेही. मॅनहॅटनच्या कंपनीने फक्त मॅनहॅटनचे रहिवासी मोजले, तर न्यू जर्सीहून रोज ट्रेनने येणारे सगळे सुटतात. कामाच्या ठिकाणाच्या तक्त्यात मात्र नोकरीत असलेलेच येतात, बेरोजगार नाहीत.

गणित मांडा

आकडे कल्पित घेऊ. लेखापालांचे ७० टक्के अर्ज एका काउंटीतून येतात, तिथल्या लेखापालांत महिला ४० टक्के. उरलेले ३० टक्के दुसरीतून, तिथे महिला ५० टक्के. भारित सरासरी २८ अधिक १५, म्हणजे ४३ टक्के. दोन वर्षांत ४० लेखापाल घेतले असतील तर १७.२, म्हणजे साधारण १७ महिला अपेक्षित. प्रत्यक्षात १० आहेत.

आता प्रमाण विचलन: ४० गुणिले ०.४३ गुणिले ०.५७, त्याचे वर्गमूळ, साधारण ३.१. तफावत ७.२, भागाकार २.३. दोनाच्या वर गेले की निव्वळ योगायोग म्हणणे अवघड होते, आणि न्यायालये साधारण दोन-तीनच्या पुढे गंभीरपणे पाहतात.

पाचच जण घेतले असतील तर हे सूत्र वापरू नका. महिला २० टक्के उपलब्ध असतील, तरी पाचांत एकही नसण्याची शक्यता ०.८चा पाचवा घात, म्हणजे जवळजवळ ३३ टक्के. अशा वेळी दोन-तीन वर्षांची भरती एकत्र करा. पाहणीच्या आकड्यांसोबत त्रुटीची मर्यादाही, म्हणजे आकडा किती कमी-जास्त असू शकतो तेही, दिलेली असते. लहान काउंटी आणि दुर्मीळ व्यवसाय एकत्र आले की ती मर्यादा आकड्याएवढीच मोठी होऊ शकते. तसे झाले तर शेजारच्या काउंट्या जोडा किंवा जवळचे व्यवसाय एकत्र करा.

तफावत निघाली तर

आता तक्ता बंद करून स्वतःच्या फायली उघडा. अर्ज किती आले, मुलाखतीला कोण पोचले, कोण कुठे गळाले? अर्जच कमी असतील तर दोष जाहिरातीत किंवा ती जिथे दिली त्या जागेत शोधा. अर्ज भरपूर आणि निवड कमी असेल तर चाचणी, पात्रतेच्या अटी, मुलाखत घेणारे यांच्याकडे वळा. कामाला गरज नसलेली पदवीची अट हे नेहमी सापडणारे कारण आहे. १९७१च्या ग्रिग्ज खटल्यात ड्यूक पॉवर कंपनीची हायस्कूल डिप्लोमाची अट न्यायालयाने अशीच बेकायदा ठरवली: वरवर सर्वांना सारखी, पण कामाशी तिचा संबंध कंपनीला दाखवता आला नाही.

हे काम सुरू करण्याआधी वकिलाला सोबत घ्या, कारण लिहिलेला प्रत्येक कागद उद्या न्यायालयात मागवला जाऊ शकतो. आणि २०१४-१८चे आकडे जुने होत चालले आहेत, म्हणून कोणता संच वापरला, कोणता कोड, कोणत्या काउंट्या आणि का, हे प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर नोंदवा.