गेममधलं गोल्फ मैदान ग्रीनकडून वाचा

गोल्फचा व्हिडिओ गेम सुरू केला की हात शिवशिवतात आणि आपण थेट टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, चेंडू हाणतो. मैदानाची रचना समजून घ्यायची असेल तर आधी कॅमेरा ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, न्या आणि तिथून मागे टीकडे बघा.

उदाहरण म्हणून स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरचा १७वा होल, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचा १७वा टप्पा, घ्या. ‘ईए स्पोर्ट्स पीजीए टूर’मध्ये हे मैदान आहे. होल पार ४ (चार फटक्यांत पुरा व्हावा असा), लांबी ४९५ यार्ड. ग्रीन अरुंद आणि तिरकं, पुढे डावीकडे खोल बंकर (वाळूचा खड्डा), पलीकडे चक्क रस्ता. आता हाच होल दोनदा खेळा. पहिल्यांदा टीवरून डावीकडे, सुरक्षित बाजूला मारा. दुसरा फटका बंकरवरून न्यावा लागतो, आणि थोडा लांबला तर चेंडू रस्त्यावर. दुसऱ्यांदा उजवीकडे, हॉटेलच्या शेडवरून मारा. मैदानाबाहेर जायची भीती मोठी, पण जमलं तर ग्रीन लांबीच्या दिशेने समोर उघडतं. टीवरच्या धाडसाची किंमत दुसऱ्या फटक्यात वसूल होते, ते असं.

दोन गोष्टी सांभाळा. फटका आपोआप सरळ जाणारी सोपी पातळी नको; चूक होतच नसेल तर बंकर नुसता शोभेचा. आणि जमीन कडक करायची सोय असेल तर करा, कारण समुद्रकाठच्या अशा मैदानांवर चेंडू पडल्यावर बराच घरंगळतो. ग्रीनवरचा उतार दाखवणारी रेषांची जाळी मात्र खुशाल चालू ठेवा. टीव्हीवर सपाट वाटणारे चढउतार तिथेच दिसतात.