राजीनामा देण्याआधी हे वाचा: घरात अंथरुणावरचं माणूस आणि पैशाचं गणित

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलच्या बिलाला सगळे धावून आले, मामांनी दिले, दादानं एफडी मोडली, शेजारच्या काकूंनी सुद्धा हातात पाकीट ठेवलं. 22 दिवसांनी डिस्चार्ज झाला आणि त्यानंतर घरात जो खर्च सुरू झाला तो आज चार वर्षं झाली तरी चालूच आहे, आणि त्याच्यासाठी पाकीट कोणी आणून देत नाही कारण तो कोणाला दिसतच नाही. डायपर, अंडरपॅड, नळी बदलायला येणारी सिस्टर, फिजिओवाला, पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग, आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे माझा बंद झालेला पगार. तुमच्यावर ही वेळ नुकतीच आली असेल तर मी ज्या चुका केल्या त्या करू नका म्हणून हे लिहितेय.

पहिली गोष्ट, घाईत राजीनामा देऊ नका. मी तिसऱ्या दिवशी देऊन टाकला. आधी बिनपगारी रजा मागा, अर्धा वेळ काम मिळतंय का विचारा, नाही म्हणाले तर म्हणू देत. आणि तुमच्या कंपनीच्या ग्रुप आरोग्य विमा पॉलिसीत आईवडील असतील तर नोकरी सुटली की ते कव्हर पण सुटतं हे लक्षात ठेवा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, कंपनी तपासून ठरवते, पण अर्ज नोकरी सोडायच्या आधीच करून ठेवा. मला हे नंतर कळलं तेव्हा उशीर झाला होता आणि झटका येऊन गेलेल्या माणसाला नवीन पॉलिसी कोण देणार.

दुसरं, बँक. हे पहिल्या आठवड्यातच करा. बाबांचं छोटं इलेक्ट्रिकलचं दुकान, खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, उजवा हात गेलेला, सही होईना, म्हणजे पैसे आहेत पण काढता येत नाहीत. अशा वेळी बँकेत जाऊन सांगायचं की खातेदार आजारी आहे, अंगठा घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत तशा, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. काउंटरवरचे नाही म्हणाले तर थेट मॅनेजरकडे जा. माणूस शुद्धीवर आहे, बोललेलं समजतंय तोवरच जॉइंट खातं, नॉमिनी, मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार) सगळं उरकून घ्या. एकदा समज गेली की मुखत्यारपत्र करता येत नाही, मग कोर्टातून पालक नेमून घ्यावं लागतं आणि त्यात वकील, तारखा, पैसे सगळंच आलं.

आता योजना. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पांढरं रेशनकार्ड असलं तरी. वय 70 किंवा जास्त असेल तर केंद्र सरकारचं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अटच नाही, आधारवर निघतं. पण दोन्हीकडे हॉस्पिटल यादीत असलं पाहिजे आणि हे ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या टेबलावर सांगायचं, बिल भरून झाल्यावर जाऊन उपयोग नाही. रेशनकार्डावर पेशंटचं नाव आहे का आणि आधारशी जुळतंय का हे आजच बघा, आमच्याकडे आडनावाच्या स्पेलिंगवरून दोन दिवस गेले.

धर्मादाय हॉस्पिटलचं तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. महाराष्ट्रात ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाची मर्यादा 1.80 लाख आणि 3.60 लाख. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आम्ही होतो त्या हॉस्पिटलात आम्हाला कोणी हे सांगितलं नाही, 19 व्या दिवशी बाजूच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलानं सांगितलं. म्हणून म्हणते पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या समाजसेवकाला शोधा, लाज बाळगू नका, तो तुमचा हक्क आहे.

एक मात्र स्पष्ट समजून घ्या, या योजना ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांना आहेत. घरच्या डायपरला, पेशंट सांभाळायला पगारावर लावलेल्या मावशींना यातलं काही मिळत नाही. म्हणजे हॉस्पिटलचा खर्च जितका योजनेत बसेल तितका बसवायचा आणि घरातली शिल्लक पुढच्या वर्षांसाठी राखायची. आम्ही उलटं केलं, सगळी शिल्लक पहिल्या 22 दिवसांत घातली.

घरात पलंग, एअर बेड, व्हीलचेअर विकत घेऊ नका. बहुतेक शहरांत संस्था, मंडळं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतात, डिपॉझिट ठेवून अगदी थोड्या भाड्यात मिळतं. औषधांसाठी जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान, पण चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आणि कॅन्सरसारख्या आजारात शेवटच्या टप्प्यात महागड्या आयसीयूत पैसे घालण्याआधी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची चौकशी नक्की करा, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन, दोन्हीकडे पेशंटची काळजी मोफत घेतात.

आता मुख्य गोष्ट, वही. पहिल्या दिवसापासून एक शंभर पानी वही करा आणि रुपया न रुपया लिहा, रिक्षासकट. औषधाचं बिल पेशंटच्या नावानं घ्या आणि रोख देऊ नका, यूपीआयनं द्या. त्याचं कारण टॅक्स. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधपाण्यावर मुलाला करपात्र उत्पन्नातून 50 हजारांपर्यंत वजावट मिळते, पण रोखीचा खर्च धरत नाहीत. आणि पेशंटचं 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तो मुलावर अवलंबून असेल, तर 75 हजारांची वजावट, 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख, ती ठरलेली रक्कम आहे, खर्च कमी झाला तरी तेवढीच. हे सगळं जुन्या करप्रणालीतच आहे हं. प्रमाणपत्र सरकारी हॉस्पिटलातून मिळतं, लकव्यात काही महिने थांबायला सांगतात, तारीख लिहून ठेवा आणि परत जा.

वहीचा दुसरा उपयोग भावंडांशी बोलायला. मी दोन वर्षं गप्प बसले, आतल्या आत चिडत राहिले, दादाला वाटायचं घरचं घरात भागतंय. शेवटी गणपतीत तो आला तेव्हा वही समोर ठेवली. म्हटलं, "दादा, हे बघ, महिन्याला एवढे जातात, आणि यात माझं काहीच धरलेलं नाही." तो म्हणाला, "तू तर घरीच असतेस ना." मी काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाली, "बाहेरून मावशी लावली तर काय घेईल ते विचारा आधी." आमच्या भागात तेव्हा 12 तासांचे 600 रुपये होते, म्हणजे महिन्याचे 18 हजार. दादा बराच वेळ वही चाळत बसला. त्यानंतर दर महिन्याच्या 5 तारखेला त्याच्याकडून घरखर्चाचे वेगळे आणि माझ्या खात्यात 9 हजार वेगळे येतात. बोलताना भावनेवर जाऊ नका, आकडे दाखवा, आणि तारीख ठरवून घ्या, "लागतील तसे देतो" यावर सोडू नका.

त्या 9 हजारांतून माझा स्वतःचा आरोग्य विमा आणि एक छोटी आरडी चालू आहे. जुना पीएफ मी काढलेला नाही, दोनदा मोह झाला होता. दागिने गहाण टाकलेत पण मोबाइलवरच्या झटपट लोनला हात लावला नाही, तुम्ही पण लावू नका, व्याज आणि वसुलीचे फोन दोन्ही झेपत नाहीत. आणि महिन्यातले दोन दिवस मावशी लावायचे 1200 रुपये वहीत आधीच वेगळे काढते. त्यातला एक दिवस मी नुसती झोपते.