‘डीडॉस प्रोटेक्शन मोफत’ वाचून होस्टिंग घेताय? या चुका टाळा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री साडेनऊला तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचा फोन आला. “दादा, साईट उघडंना. गिफ्ट बॉक्सच्या ऑर्डरी ह्याच चार दिवसांत यायच्या असत्यात.” मी सांगलीत विश्रामबागला बसतो. बेदाणेवाले, मार्केट यार्डातले हळदवाले, दोन-तीन मंगल कार्यालयं अशा वीसेक साईट सांभाळतो. या बेदाणावाल्यांचं होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेताना कंपनीच्या पानावर ठळक अक्षरांत ‘डीडॉस प्रोटेक्शन मोफत’ असं लिहिलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. डीडॉस म्हणजे असंख्य यंत्रांवरून एकाच वेळी ट्रॅफिक पाठवून साईट बंद पाडण्याचा हल्ला. सपोर्टच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, तुमच्या आयपीवर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर) अटॅक आहे, त्यामुळे तो २४ तासांसाठी नल-राऊट केला आहे.

नल-राऊट म्हणजे त्या आयपीकडे येणारं सगळं ट्रॅफिक वाटेतच टाकून द्यायचं. हल्लेखोराचंही आणि गिऱ्हाइकाचंही. त्यामुळे कंपनीचं नेटवर्क आणि त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या साईट वाचतात. तुमची साईट मात्र पूर्ण बंद होते, म्हणजे हल्लेखोराला जे हवं होतं तेच घडतं. शेकडो साईट एका सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीला कधीकधी दुसरा इलाज नसतो, हे मला कळतं. पण मग त्याला ग्राहकाचं संरक्षण म्हणू नये. विकण्याआधी स्पष्ट सांगावं.

म्हणून आता होस्टिंग घेताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अटॅक आल्यावर तुम्ही घाण ट्रॅफिक गाळून माझी साईट चालू ठेवता, की माझा आयपी बंद करता? बंद करत असाल तर किती ट्रॅफिकला आणि किती तासांसाठी? उत्तर ईमेलवर मागायचं. फोनवरचं ‘काळजी करू नका सर’ धरायचं नाही.

अटॅक नसताना अटॅक समजणे

साईट बंद पडली की प्रत्येक वेळी डीडॉसच असतो असं नाही. विट्याच्या एका दुकानाची रील जोरात चालली आणि साईटवर ५०८ एरर यायला लागली. मालकांना वाटलं कुणीतरी मुद्दाम करतंय. ५०८ चा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की शेअर्ड प्लॅनवर एका वेळी जेवढ्या प्रोसेस चालवायची मुभा आहे तेवढ्या भरल्या. असल्या प्लॅनवर ही मर्यादा कित्येकदा वीसच्या आसपास असते. तिथे संरक्षण विकत घेऊन काही होत नाही, कॅशिंग (एकदा तयार झालेलं पान साठवून तेच पुन्हा देणं) नीट लावावं लागतं किंवा प्लॅन वाढवावा लागतो.

खरं काय ते ॲक्सेस लॉग, म्हणजे साईटवर कोण कधी काय मागायला आलं याची सर्व्हरवरची नोंद, सांगतो. एका हळदवाल्यांच्या साईटचा लॉग उघडला तेव्हा एकाच सेकंदात चाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत वेगळा आयपी, प्रत्येकजण साईटच्या सर्चमध्ये काहीतरी शोधतोय, आणि शोधतोय काय तर निव्वळ अर्थहीन अक्षरं, दर वेळी वेगळी. हळद शोधणारा माणूस ‘सेलम’ किंवा ‘राजापुरी’ टाईप करतो. वेगळी अक्षरं टाकायचं कारण म्हणजे कॅशमधलं तयार पान मिळू नये, दर वेळी डेटाबेसला काम पडावं. वर्डप्रेसवर असाच मारा लॉगिनच्या पानावर आणि एक्सएमएल-आरपीसीच्या (बाहेरच्या ॲपवरून साईट चालवण्याच्या जुन्या सोयीच्या) फाईलवर होतो. ती फाईल तुम्ही वापरत नसाल तर आजच बंद करा.

फक्त जीबीपीएसचा आकडा बघणे

जीबीपीएस म्हणजे सेकंदाला किती गिगाबिट ट्रॅफिक. पण हल्ल्याचे मोठे प्रकार दोन, आणि दोन्हींचं माप वेगळं. एक, लाईनच भरून टाकणारा. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिट ट्रॅफिक आदळलं होतं. दुसरा, वर सांगितला तसा, खऱ्या गिऱ्हाइकासारख्या विनंत्या पाठवून सर्व्हर दमवणारा. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्यांचा हल्ला परतवला, त्याचं माप बिटमध्ये होत नाही. आपल्या दुकानावर एवढं मोठं कुणी पाठवणार नाही, पण एक जीबीपीएसचा पोर्ट (सर्व्हरची नेटची जोडणी) भरायला फार काही लागतही नाही. कंपनी नुसतं ‘इतके जीबीपीएस’ सांगत असेल तर ती पहिल्या प्रकाराबद्दलच बोलतेय. दुसऱ्यासाठी वेब ॲप्लिकेशन फायरवॉल (साईटवर येणाऱ्या विनंत्या तपासून वाईट त्या अडवणारी गाळणी) आहे का आणि एका आयपीकडून मिनिटाला किती विनंत्या घ्यायच्या ते तुम्हाला ठरवता येतं का, हे वेगळं विचारा. आणखी एक: ट्रॅफिक गाळण्याचं काम भारतात होतं की बाहेर? बाहेर होत असेल तर मिरजेचं गिऱ्हाईक मुंबईच्या सर्व्हरला परदेशातून वळसा घालून पोचतं आणि साईट रेंगाळते.

पुढचं दार बंद, मागचं उघडं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. साईटच्या पुढे उभं राहून ट्रॅफिक गाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०१७ पासून मोफत प्लॅनवरही हल्ल्याच्या आकाराची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे बरेचजण साईट त्याच्या मागे लावतात. चांगलंच आहे. पण मूळ सर्व्हरचा आयपी तोच राहतो, आणि तो जुन्या डीएनएस नोंदींत (डोमेनचा आयपी कोणता ते सांगणाऱ्या) सापडतो. मेल त्याच सर्व्हरवर असेल तर एमएक्स रेकॉर्डवरून (मेल कुठे पोचवायचा त्या नोंदीवरून) कळतो. सर्व्हरवरून सुटणाऱ्या ऑर्डरच्या ईमेलच्या हेडरमध्येही दिसतो. हल्लेखोर मग थेट तिथेच मारतो. त्यामुळे असा प्रॉक्सी (साईटच्या पुढचा मध्यस्थ) लावल्यावर होस्टिंगवाल्याकडून आयपी बदलून घ्या, मेल दुसरीकडे हलवा, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये फक्त प्रॉक्सीच्या आयपींना परवानगी ठेवा. आयपी बदलून मिळतो का, हे खरेदीआधीच विचारून ठेवा.

इथे दोन बिघाड हमखास होतात. प्रॉक्सी लावल्यावर सर्व्हरला सगळे अभ्यागत प्रॉक्सीच्याच आयपीवरून आल्यासारखे दिसतात, मग त्याची स्वतःची सुरक्षा त्या आयपीलाच ब्लॉक करते आणि साईट पुन्हा बंद. खरा आयपी ओळखण्याची सेटिंग सर्व्हरवर करावी लागते. दुसरा बिघाड जास्त त्रासदायक. अटॅक चालू असताना ‘तुम्ही माणूस आहात का’ ही तपासणी सगळीकडे लावली की पैसे मिळाल्याचा पेमेंट गेटवेचा निरोपही तिथेच अडकतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून यूपीआयने पैसे जातात, इकडे ऑर्डर ‘पेंडिंग’. हा निरोप साईटच्या ज्या पत्त्यावर येतो, तेवढ्या एका पत्त्याला तपासणीतून सूट द्या.

डोमेन आणि होस्टिंग एकाच टोपलीत

त्या रात्री मला साईट दुसरीकडे न्यायची होती, बॅकअप तयार होता. पण डोमेनही त्याच कंपनीकडे, डीएनएसही तिथेच, आणि टीटीएल (साईटचा पत्ता लोकांच्या नेटने किती वेळ लक्षात ठेवायचा ते) ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस. बदल केला तरी जुना पत्ता दिवसभर लोकांच्या नेटमध्ये राहणार. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की गावभागातली माणसं सामान माडीवर चढवायला लागतात, ४५ ची धोका पातळी यायची वाट बघत नाहीत. टीटीएल ३०० वर आणणं, डोमेन वेगळ्या ठिकाणी ठेवणं, बॅकअप होस्टिंगच्या बाहेर ठेवणं ही तशीच आधी करायची कामं आहेत.

अपटाईमच्या (साईट चालू राहण्याच्या) हमीवर फार विसंबू नका. ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद चालतं, आणि बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की हल्ल्यामुळे बंद पडलेला वेळ यात धरला जाणार नाही.

‘पैसे द्या, नाहीतर साईट पाडू’ असा मेल आला तर पैसे देऊ नका. मेल आणि लॉग जपून ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाईनवर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रार करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली हा गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवायचा असतो. होस्टिंग कंपनी लॉग किती दिवस ठेवते, तेही विचारा.

तासगावच्या त्या शेठना नंतर मी पाच कंपन्यांना हेच प्रश्न मेल करायला लावले. तिघांनी फक्त प्लॅनची लिंक पाठवली. एकाने लिहिलं, आम्ही आयपी बंद करतो. पाचव्याने कोणत्या मर्यादेपर्यंत गाळतो, त्यापुढे काय करतो आणि आयपी बदलून किती वेळात देतो ते चार ओळींत लिहून दिलं. वर्षाला अकराशे रुपये जास्त होते. शेठनी तो मेल प्रिंट काढून बिलाच्या फाईलला लावला आणि पैसे भरले.