कॅबिनेट उघडताना स्टॅटिक कसं सांभाळायचं

कॉम्प्युटर हार्डवेअरच्या कामाला नव्याने लागलेली मुलं स्टॅटिकचं, म्हणजे अंगावर साठणाऱ्या विजेच्या चार्जचं, नाव काढलं की हसतात. ‘सर, रॅम नेहमी अशीच लावतो, कधी काही झालं नाही.’ झालं नाही हे कशावरून? दाराच्या कडीला हात लागून चटका जाणवतो, तेव्हा अंगावर साधारण ३००० व्होल्ट असतात. नाजूक चिपला त्याहून कितीतरी कमी पुरतात, काहींना तर शंभरसुद्धा. म्हणजे आपल्याला काही कळायच्या आत तिचं काम झालेलं असतं. त्यातही ती लगेच मरेलच असं नाही. आतून दुखावते, आणि पुढे कधीतरी मशीन अधूनमधून हँग होऊ लागलं की आपण विंडोज पुन्हा टाकत बसतो.

नागपूरकडच्या हिवाळ्यात हे जास्त जपायचं. हवा कोरडी, अंगात स्वेटर, बुडाखाली प्लास्टिकची खुर्ची. कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवेत चार्ज फार टिकत नाही.

मुद्दा एवढाच की आपण आणि मशीन विजेच्या एकाच पातळीवर हवं. पॉवर कॉर्ड काढायची, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवायचं, मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून पार्ट उचलायचा, तोही कडेने. मध्ये उठलात तर पुन्हा पत्र्याला हात.

अर्थिंग मिळावं म्हणून कॉर्ड लावून फक्त स्विच बंद करा, असं अनेकजण सांगतात. मी नवख्यांना ते सांगत नाही. जुन्या इमारतींत अर्थिंगच्या भोकामागे वायरच नसते, कधी स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असतो, म्हणजे बंद करूनही फेज आत येतच राहते.

रोजचं काम असेल तर रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधायचा वायरचा पट्टा, घ्या. उघड्या त्वचेवर घट्ट बसवायचा, क्लिप पत्र्याला. त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, म्हणून चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी त्या वाटेने जेमतेम ०.२३ मिलिअँपिअर जातो. साध्या वायरचा घरगुती पट्टा म्हणूनच नको. बिनवायरीचा पट्टा तर निव्वळ दागिना! चालू मशीनवर मात्र कुठलाच पट्टा घालायचा नाही, आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा) तर उघडायचाच नाही.

पार्ट ठेवायच्या अँटिस्टॅटिक पिशव्यांपैकी गुलाबी पिशवी स्वतः चार्ज तयार करत नाही, पण बाहेरचा अडवतही नाही. मदरबोर्ड, रॅम ठेवायला चंदेरीच घ्या. फक्त तिच्यावर बोर्ड ठेवून चालू करून बघू नका, पिशवीत धातूचा थर असतो. त्यासाठी बोर्डाचा पुठ्ठ्याचा खोका बरा.