झेला न पोचलेल्या आंब्यांचा हिशोब

रत्नागिरीत बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला असताना मी प्रोजेक्टसाठी बेसबॉलची फील्डिंग घेतली. वर्गात कुणीच हा खेळ मैदानावर पाहिला नव्हता, मीही नाही. पण आपल्या स्कोअरकार्डात झेल आणि रनआउट सोडले तर फील्डिंगचं काही उरत नाही, आणि बेसबॉलची १८७१ पासूनची आकडेवारी लाहमन डेटाबेसमध्ये फुकट मिळते. गरजवंताला एवढं पुरे.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, फील्डिंग पर्सेंटेजपासून. पुटआउट (स्वतः बाद केलेले) अधिक असिस्ट (फेकीने वगैरे बाद करायला केलेली मदत), भागिले त्या दोन्हींत एरर मिळवून येणारी बेरीज. एरर म्हणजे फील्डरची चूक; ती द्यायची की नाही हे अधिकृत स्कोअरर ठरवतो. साधारण प्रयत्नात जमायला हवं होतं असं वाटलं तर देतो.

हे घरी खळ्यात काकांना समजावत होतो. एप्रिल, पेट्या भरायची घाई. काका म्हणाले, "मग आमच्या दोन गड्यांत बरा कोण रे?" एक जण खालच्या फांद्यांवरचेच आंबे काढी, झेल्यातून (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीतून) एकही निसटत नसे. दुसरा झेला पार शेंड्यापर्यंत नेई. त्याचे दिवसाला पाच-सहा आंबे आपटायचे आणि कॅनिंगच्या ढिगात जायचे, पण पेट्या त्याच्याच जास्त भरायच्या. पर्सेंटेज पहिल्याला शाबासकी देतं. शेंड्यावरच राहिलेल्या आंब्याची नोंद कुठल्याच वहीत नसते.

न्यूयॉर्क यांकीजचा शॉर्टस्टॉप (आतल्या फळीतला फील्डर) डेरेक जेटर, त्याचं २०१० साल काढून बघा: अवघे सहा एरर, .९८९ पर्सेंटेज, उत्तम फील्डिंगचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी डिफेन्सिव्ह रन्स सेव्हडमध्ये, म्हणजे सरासरी फील्डरपेक्षा किती धावा वाचवल्या या मापात, मात्र तो उणे. हातात आलेलं सोडत नव्हता, पण बरेच चेंडू हातापर्यंत यायचेच नाहीत.

म्हणून बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचा रेंज फॅक्टर घेतला: पुटआउट आणि असिस्टची बेरीज गुणिले नऊ (सामन्याच्या नऊ इनिंग), भागिले खेळलेल्या इनिंग. इथे मी सपशेल आपटलो. शॉर्टस्टॉपचा आकडा साडेचारच्या आसपास यायला हवा, माझे सगळे दीडला अडकलेले. दोन रात्री कोड तपासला. चूक कोडात नव्हतीच. लाहमनच्या 'इनआउट्स' रकान्यात इनिंग नसून आउट असतात, इनिंगला तीन. नऊऐवजी सत्तावीसने गुणायचं होतं. रकान्यांची माहिती देणारी फाइल आधी वाचा, हे मी आता प्रत्येक ज्युनिअरच्या डोक्याला लावतो.

रेंज फॅक्टरही भोळाच आहे. पिचर (चेंडू टाकणारे) जमिनीलगत चेंडू मारायला लावणारे असले तर शॉर्टस्टॉपला आयतं काम मिळतं. कॅचरचे (आपल्या विकेटकीपरसारखा) बहुतेक पुटआउट स्ट्राइकआउटचे, म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर बाद झाल्याचे, फर्स्ट बेसमनचे दुसऱ्यांच्या फेकीचे; त्या दोघांना हे माप लावूच नका.

२०१५ पासून अमेरिकेतल्या मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर चेंडू आणि खेळाडूंची हालचाल टिपणारी स्टॅटकास्ट यंत्रणा आली, तेव्हा कुठे शेंड्यावरचे आंबे मोजता आले. आउटफिल्डरला (बाहेरच्या भागातल्या फील्डरला) किती अंतर धावायचं होतं, वेळ किती होता, यावरून प्रत्येक झेलाची शक्यता काढतात. २५ टक्क्यांचा झेल घेतला तर अधिक ०.७५, सुटला तर उणे ०.२५. सगळ्यांची बेरीज म्हणजे आउट्स अबव्ह ॲव्हरेज. व्हायव्हाला मी हेच उदाहरण फळ्यावर मांडलं आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न टाकला, "शॉर्टस्टॉप उभा कुठे राहतो?" सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये, हे सांगताना मी बोट भलत्याच कोपऱ्यावर ठेवलं. तेव्हा आकड्यांना हात घालण्याआधी दोन-तीन सामने पूर्ण बघा.