गाण्यांचा साठा एक, खाती अनेक: विंडोजवर घरच्यांची संगीत लायब्ररी कशी लावावी

घरात कॉम्प्युटर एकच आणि आई, बाबा, मुलं यांची खाती वेगळी असली, की तीच गाणी प्रत्येकाच्या ‘म्युझिक’ फोल्डरमध्ये पुन्हा पुन्हा साठतात. ३२० केबीपीएसची (म्हणजे वरच्या दर्जाची) एमपीथ्री मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा खाते. तासाभराची मैफल तीन खात्यांत ठेवली तर चारशे एमबीच्या वर जागा जाते. पण खरा त्रास जागेचा नाही. गायकाचं चुकलेलं नाव एका खात्यात सुधारलं तरी उरलेल्या दोन प्रतींत चूक तशीच राहते.

म्हणून फाइली सामाईक ठेवाव्यात आणि प्लेअरची यादी ज्याची त्याची असू द्यावी. पुढची माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

सी ड्राइव्हमध्ये ‘यूजर्स’, त्यात ‘पब्लिक’, त्यात ‘पब्लिक म्युझिक’ हे फोल्डर आधीपासूनच असतं आणि सगळ्या खात्यांना ते उघडता येतं. त्यात ‘गाणी’ नावाचं नवं फोल्डर करा आणि जुनी गाणी तिथे आणा. आणताना कट-पेस्ट करू नका, कॉपी करा. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की ती आपल्या जुन्या परवानग्या, म्हणजे कोणत्या खात्याला ती उघडता येईल याचे नियम, सोबत घेऊन जाते. मग आईच्या खात्यातून आलेलं गाणं मुलाला यादीत दिसतं, पण वाजत नाही. कॉपी केलेली फाइल मात्र नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. प्रत्येक खात्यातून गाणी वाजतात याची खात्री झाल्यावरच मूळ प्रती पुसा.

आधीच कट-पेस्ट झालं असेल तर ॲडमिन खात्यातून ‘गाणी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जा. तळाशी ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ या शब्दांनी सुरू होणारी चौकट आहे, तिच्यावर टिक करून ओके द्या. हे फक्त ‘गाणी’वर करा, अख्ख्या सी ड्राइव्हवर चुकूनही नको.

आता प्लेअर. फूबार २००० (foobar2000) या गाणी वाजवण्याच्या प्रोग्राममध्ये फाइल, प्रेफरन्सेस, मीडिया लायब्ररी इथे जाऊन ‘गाणी’ फोल्डर जोडायचं. हे प्रत्येक खात्यात शिरून एकेकदा करावं लागतं. पुढे कुणीही नवं गाणं टाकलं तरी ते सगळ्यांच्या यादीत आपोआप येतं. इन्स्टॉल करताना ‘पोर्टेबल’ पर्याय टाळा. त्यात सेटिंग्ज प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये राहतात आणि खात्यांच्या याद्या वेगळ्या राहत नाहीत.

आयट्यून्स वापरणाऱ्यांनी एडिट, प्रेफरन्सेस, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन गाणी जोडताना त्यांची प्रत करणारा पर्याय आधी बंद करावा, नाहीतर सगळी गाणी पुन्हा त्या खात्यात उतरतात. मग फाइल मेनूतून ‘ॲड फोल्डर टू लायब्ररी’. आयट्यून्स फोल्डरवर स्वतः लक्ष ठेवत नाही, त्यामुळे नवी भर पडली की हे परत करायचं.

स्ट्रीमिंग ॲपमधून ‘डाउनलोड’ केलेली गाणी या साठ्यात येणार नाहीत. ती कुलूपबंद असतात आणि त्या ॲपबाहेर वाजत नाहीत.

टॅग, म्हणजे गाण्यासोबतची गायक, अल्बम वगैरे माहिती, सुधारण्याचं काम घरात एकाच माणसाकडे असावं. टॅग फाइलमध्येच लिहिले जातात, त्यामुळे एकाने केलेला बदल सर्वांना लागतो. नाट्यसंगीताचा किंवा अभंगांचा अनेक गायकांचा संग्रह प्लेअरमध्ये हमखास फुटतो, दर गायकागणिक वेगळा अल्बम दिसतो. अशा संग्रहातल्या सर्व गाण्यांना ‘अल्बम आर्टिस्ट’ एकच द्या. एमपीथ्रीटॅग (Mp3tag) या टॅग सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये सगळी निवडून हे एका फटक्यात होतं. टॅग सेव्ह होत नसेल तर दुसऱ्या खात्यात तेच गाणं चालू आहे का पाहा. ‘स्विच यूजर’ केल्यावर पहिल्या खात्यातला प्लेअर बंद होत नाही आणि फाइल अडकून राहते.

सामाईक फोल्डरमधलं गाणं कुणीही पुसू शकतं. पुसलेली फाइल पुसणाऱ्याच्याच रिसायकल बिनमध्ये जाते, म्हणून हरवलेलं गाणं प्रत्येक खात्यात शिरून शोधावं. ‘गाणी’ची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

प्लेलिस्ट एकमेकांना द्यायची असेल तर ती एमथ्रीयूएट (.m3u8) या फाइल प्रकारात सेव्ह करा. साध्या एमथ्रीयूमध्ये (.m3u) देवनागरी फाइलनावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात, आणि मग प्लेअरला ती गाणी सापडत नाहीत.