वर्गातून न्यायपीठावर: कायद्याच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी ब्रेंडा हेल यांची वाट

दरवर्षी प्रवेश पार पडले की एखादी मुलगी तास संपल्यावर थांबते आणि विचारते, "मॅडम, घरात कुणी वकील नाही. कोर्टात उभं राहून बोलायला जमेल असंही वाटत नाही. मग कायद्यात माझं काय होणार?"

हा प्रश्न माझाही होता. एलएलबी झाल्यावर तीन वर्षं मी जिल्हा न्यायालयात एका सिनियरांकडे काढली. मुदतीचे अर्ज लिहिले, तारखा घेतल्या. दाव्याचा मसुदा करायला आवडायचं, जुने निकाल शोधायला त्याहून जास्त. उलटतपासणीच्या वेळी मात्र घसा कोरडा पडायचा. "तू आपली शिकवायला जा," असं मला एकदा सांगितलं गेलं. त्या स्वरात सल्ला नव्हता, निकाल होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या माजी अध्यक्ष ब्रेंडा हेल यांची कारकीर्द तेव्हा माहीत असती, तर ते वाक्य मी इतकं मनाला लावून घेतलं नसतं.

हेलबाई 1945 साली इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला जन्मल्या. आईवडील दोघंही शिक्षक. त्या तेरा वर्षांच्या असताना वडील गेले आणि आईने गावच्या प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका म्हणून संसार सावरला. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजातून 1966 मध्ये त्या कायद्यात पहिल्या आल्या आणि थेट मँचेस्टर विद्यापीठात शिकवायला लागल्या. शिकवता शिकवताच बॅरिस्टरीची परीक्षा दिली, 1969 मध्ये तिथेही पहिल्या आल्या. काही वर्षं मँचेस्टरमध्ये वकिलीही केली. मग अध्यापन की वकिली, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी अध्यापन निवडलं. एकूण अठरा वर्षं त्या विद्यापीठात होत्या.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची विषयाची निवड. कुटुंब कायदा आणि मानसिक आरोग्याचा कायदा या दोन विषयांत ना मोठी फी होती ना मोठं नाव. मानसिक आरोग्याच्या कायद्यावरचं त्यांचं पुस्तक 1976 मध्ये आलं. (ग्रंथालयात शोधताना लक्षात ठेवा, त्यांची सुरुवातीची पुस्तकं पहिल्या लग्नातल्या हॉगेट या आडनावाने आहेत.) 1984 मध्ये त्या इंग्लंड आणि वेल्सच्या विधी आयोगावर, म्हणजे कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या मंडळावर, नेमल्या गेलेल्या पहिल्या महिला ठरल्या. मुलांविषयीचा 1989 चा कायदा घडवण्यात आयोगाच्या या कामाचा मोठा वाटा आहे. 1994 मध्ये त्या उच्च न्यायालयाच्या कुटुंब विभागात न्यायाधीश झाल्या. पूर्णवेळ वकिलीत आयुष्य न घालवता अध्यापन आणि विधी आयोगाच्या कामातून तिथवर पोहोचणाऱ्या त्या पहिल्याच. पुढे 2004 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायपीठ तेच होतं) पहिल्या महिला न्यायाधीश आणि 2017 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्ष.

आता 2014 चा चेशायर वेस्ट निकाल बघा. बौद्धिक अक्षमता असलेल्या तीन व्यक्ती चांगल्या घरांत, प्रेमाने सांभाळल्या जात होत्या. पण त्यांच्यावर सतत देखरेख होती आणि तिथून निघून जायची मोकळीक नव्हती. हे स्वातंत्र्य हिरावणं आहे का? हेलबाईंनी लिहिलं, सोन्याचा असला तरी पिंजरा तो पिंजराच. तुमच्या-माझ्या स्वातंत्र्याला जे माप, तेच त्यांच्याही. वाक्य सोपं आहे, पण त्यामागे 1976 पासूनची अडतीस वर्षं आहेत. म्हणून विद्यार्थ्यांना मी कळकळीने सांगते की तिसऱ्या वर्षापर्यंत एक विषय धरा आणि सोडू नका, मग बाररूममध्ये त्याला कुणी विचारो न विचारो.

आपल्याकडची वाट वेगळी आहे, तेही स्पष्ट सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते. पूर्ण पगारी प्राध्यापक झालात की सनदेवर वकिली करता येत नाही. तेव्हा न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर आधी ती तीन वर्षं कोर्टात काढा, नेट ही प्राध्यापकीची परीक्षा आणि एलएलएम नंतरही होतं. राज्यघटनेच्या कलम 124(3) मध्ये ख्यातनाम कायदेपंडितालाही सर्वोच्च न्यायालयात नेमण्याची तरतूद आहे. त्या तरतुदीखाली आजवर एकही नेमणूक झालेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हेलबाईंचं नाव बहुतेकांना 24 सप्टेंबर 2019 मुळे माहीत असतं. ब्रिटिश संसद पाच आठवडे स्थगित करण्याचा पंतप्रधानांनी राणीला दिलेला सल्ला बेकायदा ठरवणारा अकरा न्यायाधीशांचा एकमुखी निकाल त्यांनी वाचून दाखवला, आणि त्यांच्या काळ्या पोशाखावरचा कोळ्याचा ब्रूच जगभर गाजला. तो निकाल वाचाच, पण सुरुवात त्याने करू नका. सुरुवात 2011 च्या येमशॉ विरुद्ध हाउन्स्लो या निकालाने करा.

एक बाई दोन मुलांना घेऊन घर सोडून निघाली. नवऱ्याने हात उगारला नव्हता. तो मुलांसमोर ओरडायचा, घरखर्चाला पैसे देत नव्हता, आणि मुलं हिरावली जातील अशी तिला धास्ती होती. मारहाण नाही म्हणजे हिंसा नाही, तू बेघर नाहीस, असं म्हणून बेघरांना घर देण्याची जबाबदारी असलेल्या हाउन्स्लोच्या स्थानिक प्रशासनाने घर नाकारलं. हेलबाई आधी शब्दकोशातला अर्थ बघतात, मग घरगुती हिंसेची समज कशी बदलत गेली ते मांडतात, आणि गृहनिर्माण कायद्यातली "हिंसा" केवळ मारहाणीपुरती नाही या निष्कर्षाला येतात. प्रकरण फेरनिर्णयासाठी परत गेलं. हेडनोट, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेला सारांश, झाकून वाचा. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने एकच ओळ लिहा: इथे त्या काय करताहेत? अर्थ लावताहेत, तथ्य सांगताहेत की विरुद्ध बाजू खोडताहेत?

गेल्या वर्षी वर्गात हा निकाल चालू असताना मागच्या बाकावरून एका मुलीचा प्रश्न आला, "पैसे न देणं हीसुद्धा हिंसा?" मी उत्तर दिलं नाही. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा आपला 2005 चा कायदा काढायला सांगितला. कलम 3 तिने मोठ्याने वाचलं: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक. शेवटच्या शब्दाशी ती थांबली. मग तिने तो पुन्हा एकदा वाचला.